पोलंडचे पाहुणे, साताऱ्यात चार दिवस. नेमकं काय दाखवू आणि काय सांगू?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या. माझा पुतण्या सहा वर्षं पोलंडला नोकरीला आहे, त्याचा साहेब आणि साहेबाची बायको फेब्रुवारीत भारतात येतायत, दिल्ली आग्रा जयपूर सगळं उरकून मग चार दिवस आमच्याकडे साताऱ्याला, गुरुवार ते रविवार. पुतण्याला स्वतःला सुट्टी नाही म्हणजे सगळा भार माझ्यावर आणि हिच्यावर. मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, इंग्रजी कामचलाऊ, गाडी आहे, गुडघे अजून बरे आहेत.

परवा व्हिडिओ कॉल झाला. मी आपला उत्साहात सांगायला लागलो, प्रतापगड, महाबळेश्वर, स्ट्रॉबेरी, कास. साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, सगळे सांगतात तुमची पाच हजार वर्षांची संस्कृती आहे, मग तुमच्या गावात ती कुठं बघायला मिळते? आणि त्याच्या बायकोनं विचारलं तुमचं गाव किती जुनं. आता खोटं कशाला बोलू, मला दोन्हीची उत्तरं आली नाहीत. साठ वर्षं इथं काढली. व्हेरी ओल्ड म्हटलं, व्हेरी व्हेरी ओल्ड म्हटलं आणि रेंज गेल्याचं नाटक केलं.

तेव्हापासून यादी करतोय, तेवीस ठिकाणं झालीत, ही म्हणते एवढी तर आपणसुद्धा बघितलेली नाहीत. नुसती ठिकाणं नकोत, तिथं उभं राहून काय सांगायचं तेही सांगा. दोघं साठीच्या आसपास, चालायला ठणठणीत, तिखट खात नाहीत म्हणे, बघू.

---

सातारी_गडी

काका पहिलं काम, यादीतलं कास खोडा. फुलं सप्टेंबर ऑक्टोबरात असतात, फेब्रुवारीत तिथं नुसता वाळका कातळ, पाहुणे विचारतील ह्यासाठी आणलं का. प्रतापगड मात्र सोडू नका, २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले त्यात आपल्या जिल्ह्यातला हा एकच. १० नोव्हेंबर १६५९, अफजलखान, सगळं खाली उभं राहून सांगता येतं, जावळीचं खोरं समोर दिसतं तेव्हा कळतं की महाराजांनी त्याला तिथंच का बोलवला. एवढं मोठं सैन्य त्या झाडीत आणून काय करणार हो, तोफा कुठनं नेणार, हत्ती कुठं वळवणार.

पण काका एक विनंती, भुयाराच्या थापा मारू नका. आपल्याकडं प्रत्येक गडावरून एक भुयार निघतं आणि ते थेट दुसऱ्या गडावर जातं, आजवर त्यातनं कोणी बाहेर आलेलं मी बघितलेलं नाही.

---

वाईची_मावशी

भाऊ, तेवीस ठिकाणं म्हणजे पाहुण्यांची वरात काढायची का? माझ्याकडे माहेरची, सासरची, मुलांच्या मित्रांची, सगळ्या प्रकारची माणसं येऊन गेलीत आणि माझा अनुभव असा की दिवसाला दोन जागा बास. सकाळी एक, चारनंतर एक, मधे जेवण आणि झोप. आणि जागा अशी घ्यायची की जिथं जुनं बांधकाम आहे पण माणसं अजून आपापल्या कामाला तिथं येतात. बंद दाराचा वाडा आणि त्यावरची पाटी हे ते जयपूरला पोटभर बघून आलेले असणार.

म्हणून मेणवली घ्या, वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि मागं कृष्णेवर घाट, पायऱ्यांवर बायका अजून कपडे धुतात, पोरं सूर मारतात. तिथं छोट्या देवळाजवळ जी घंटा टांगलीय ती नीट दाखवा, त्यावर मेरी आणि बाळ येशूचं चित्र आहे. चिमाजी आप्पांच्या फौजेनं १७३९ ला पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली ती. अशा घंटा भीमाशंकरला आहेत, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. पोलंडचे लोक बहुतेक कॅथलिक असतात ना? मग तुम्ही काही बोलू नका, त्यांना स्वतःला घंटेवरची बाई ओळखू द्या, मग सांगा ही इथं कशी आली. आमच्याकडे एकदा गोव्याची मैत्रीण आली होती, ती पाच मिनिटं नुसती हात लावून उभी होती.

वाईत ढोल्या गणपती, सरदार रास्त्यांनी १७६२ ला बांधलाय, देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय म्हणजे पुराचं पाणी दुभंगून जातं. हे इंजिनियर लोकांना फार आवडतं. आणि विश्वकोशाचं ऑफिस वाईत आहे हे पण सांगा, एवढ्याशा गावात बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांनी अख्ख्या मराठीचा ज्ञानकोश करायला घेतला, आम्ही मुलं त्यांना रस्त्यात बघायचो.

आता महत्त्वाचं. संगम माहुलीला नेणार असाल (न्याच) तर आधी एक समजून घ्या. कृष्णा वेण्णेचा संगम, विश्वेश्वराचं सुंदर देऊळ, ताराराणींची समाधी, शाहू महाराजांच्या (साताऱ्याचे, कोल्हापूरचे नव्हे) कुत्र्याची समाधी, सगळं आहे, कुत्र्याची गोष्ट परदेशी माणसाला हमखास आवडते. पण सकाळी तिथं दशक्रिया चालू असतात. त्या वेळी कॅमेरा बाहेर काढायचा नाही हे घरूनच सांगून निघा, तिथं गेल्यावर हळूच खुणा करत बसू नका. आणि लपवूही नका. माणसं मुंडण करून बसलेली दिसली की ते विचारणारच, तेव्हा सरळ सांगायचं.

---

कऱ्हाडचा_मास्तर

शाहूपुरीकर साहेब, तुमच्या पाहुणीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण ते साताऱ्यात नाही, पन्नास किलोमीटर खाली आमच्याकडे आहे, तुम्हा सातारकरांना हे ऐकायला जड जाईल 😄

सातारा हे राजधानीचं गाव झालं ते शाहू महाराजांमुळं, १७०८ ला त्यांचा राज्याभिषेक इथं झाला आणि मग पेठा वसल्या. डोक्यावरचा अजिंक्यतारा मात्र त्याच्या कितीतरी आधीचा, १२व्या शतकात शिलाहारांपर्यंत जातो. म्हणजे शहर तीनशे वर्षांचं आणि किल्ला आठशेचा, असं स्वच्छ सांगा.

कऱ्हाडचं वेगळं. मध्य प्रदेशात भारहूतला जो बौद्ध स्तूप होता, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत त्यात 'करहकट' गावच्या लोकांचं नाव आहे. ते म्हणजे आमचं कऱ्हाड असं अभ्यासक मानतात. विचार करा, इथल्या माणसांनी हजार किलोमीटरवर दान पाठवलंय, तेही बावीसशे वर्षांपूर्वी. आणि जखिणवाडीच्या वर आगाशिवच्या डोंगरात लेणी आहेत, साठाच्या वर, साधी, बिनमूर्तीची, भिक्खूंच्या झोपायच्या दगडी बाकांसकट. अजिंठ्यासारखं काही नाही हे आधीच सांगून ठेवा नाहीतर अपेक्षाभंग व्हायचा. पण त्या बाकावर पाच मिनिटं आडवं व्हायला सांगा आणि खाली बघायला सांगा, ऊस, हायवे, कृष्णा कोयना समोरासमोर येऊन भिडतात तो प्रीतिसंगम. दोन नद्या अशा तोंडावर तोंड येऊन मिळतात आणि काटकोनात वळतात हे क्वचितच दिसतं.

पाच हजार वर्षं मात्र आमच्याकडेही नाहीत. ती हडप्पावाल्यांची. भारताचं सगळं वय प्रत्येक गावाला लावायची आपल्याला सवय आहे, बारावीचं पोरगं पण निबंधात तेच लिहितं, मी तीस वर्षं लाल शाई वापरली त्यावर, काही उपयोग झाला नाही.

जाता जाता लिंबची बारा मोटेची विहीर बघा, साताऱ्याहून अर्ध्या तासावर. शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसल्यांनी आमराईला पाणी द्यायला बांधली, शके १६४१ ते १६४६ असा शिलालेख आहे म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. विहिरीच्या आतच महाल आहे. वर मोटा चालायच्या आणि आत गारव्याला दरबार. एका बाईनं शेताच्या पाण्यावर एवढा पैसा घातला हे आवर्जून सांगा.

---

शाहूपुरीकर

मास्तर, जड गेलंच 😀 पण पटलं. मावशी, मेणवलीची घंटा मी चार वेळा बघितलीय आणि त्यावर चित्र आहे हे आज कळलं. लाज वाटायला पाहिजे.

एक अडचण. ही म्हणते पाहुण्यांना बावधनचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच शिडाला बांधून बैलांनी ओढत नेतात ती जत्रा, बघायला रंगपंचमीला परत बोलवू. मी म्हटलं नको, ते बघून काय म्हणतील, मागासलेले म्हणतील. तुमचं काय मत?

---

बावधनचा_पाव्हणा

आवो काका मागासलेले कशानं? पूर्वी पाठीत गळ टोचत व्हते, आता न्हाई, बगाड्याला शिडाला बांधत्यात. सोनेश्वराच्या नदीकाठापासनं बावधनपत्तूर बैलं बगाड वढत्यात, धा धा बारा बारा बैल एका टायमाला आन दर थोड्या अंतरावर नवी बैलं जुपायची, शेतातनं, रस्त्यानं न्हाई. बगाड कुणाला घ्यायचं हे होळीच्या पौर्णिमेला देवाला कौल लावून ठरतंय. लोकं नोकरीवरनं सुट्टी टाकून येत्यात मुंबई पुन्यावरनं. तुमी लाजत लाजत दाखवलं तर त्यांना बी लाजायचंच वाटंल.

---

वाईची_मावशी

बरोबर बोलला. फक्त गर्दीत साठीच्या माणसांना घुसवू नका, एखाद्या ओळखीच्या घराच्या गच्चीवरून दाखवा.

---

सतारमेकर_गल्ली

एक दिवस आमच्या मिरजेला ठेवा. तुम्हाला सव्वाशे किलोमीटर पडेल पण पाहुणे घरी गेल्यावर हाच दिवस सांगत बसतील, लिहून घ्या.

आमच्याकडे सतार आणि तंबोरे बनतात हे ऐकून माहिती असेल, २०२४ ला दोन्हीला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालं. पण कसं बनतं ते बसून बघा. तंबोऱ्याचा भोपळा खायचा नाही, जाड सालीचा कडू भोपळा असतो, पंढरपूरच्या बाजूनं भीमाकाठावरनं येतो, वाळवून टांगून ठेवलेले असतात दुकानात, सुरवातीला सगळ्यांना वाटतं ही मडकी का टांगलीत. कोणता भोपळा तंबोऱ्याचा आणि कोणता सतारीचा हे आमचे जुने लोक नुसतं वाजवून सांगतात. मग भिजवून कापायचा, आकार द्यायचा, लाकूड तुणीचं, मग नक्षी, पॉलिश आणि सगळ्यात शेवटी जवारी. जवारी म्हणजे घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) वरचा भाग कानसीनं असा घासायचा की तार घोडीला ओझरती लागून आवाज फुलतो, केसाएवढं जास्त घासलं तर आवाज मेला, पहिल्यापासून करा. ते काम करताना कारागीर बोलत नाही आणि तुम्ही पण बोलायचं नाही.

हे कारागीर मूळचे शिकलगार. म्हणजे तलवारी भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजांचं काम बसलं तेव्हा फरीदसाहेबांनी वाद्यं करायला घेतली आणि पुढं सगळी गल्ली त्यात आली. तुमच्या पाहुण्याला एवढी एक गोष्ट सांगितलीत तरी पुरे, हत्यारांचे हात तंबोऱ्याला लागले ते दीडशे वर्षं झाली अजून तिथंच आहेत. पण नटवून सांगू नका, धंदा आज अवघड आहे, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यानं निम्मं गिऱ्हाईक खाल्लं, पोरं दुसरीकडं जातायत, हे पण सांगा. आणि नुसते फोटो काढून निघू नका, काहीतरी घ्या, निदान तारांचा संच घ्या.

मग दर्ग्यात जा, ख्वाजा शमना मीरासाहेबांचा. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ ला गेले, त्यांची कबर तिथंच आहे, उरसात त्यांच्या नावानं गाण्याची मैफल होते, मोठमोठे लोक येऊन गाऊन जातात आणि फुकट. उरसात पहिला गलेफ (कबरीवर चढवायची चादर) चर्मकार समाजाचा असतो, शेकडो वर्षांची रीत आहे. डोकं झाकायला रुमाल न्या.

सांगलीत वेळ उरला तर मार्केट यार्डात हळदीचे सौदे, फेब्रुवारीत नवी हळद यायला लागते, पिवळ्या धुळीनं माणसं पण पिवळी. आमचे आजोबा हरिपूरला हळदीच्या पेवांवर होते. जमिनीतले खोल खड्डे, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, आत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे, विझला तर माणूस उतरवायचा नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि त्या पेवांचं वाटोळं झालं. आता दाखवायला फार काही नाही, पण हरिपूरला कृष्णा वारणेचा संगम आहे, तिथं बसून ही गोष्ट सांगता येते. आणि १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर सांगलीतच केलं, मराठी नाटक इथनं सुरू झालं, हे न सांगता सांगली सोडली तर सांगलीकर बोलणार नाहीत तुमच्याशी.

---

सातारी_गडी

सगळे वाई कऱ्हाड मिरज करतायत, साताऱ्यात काय आहे की नाही 😤 राजवाड्याजवळ प्रतापसिंह हायस्कूल आहे काका, बाबासाहेबांचं नाव तिथं ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झालं, तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून असतो. ताजमहाल बघून आलेल्या माणसाला शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ दाखवा. आणि सावित्रीबाई आपल्या नायगावच्या, खंडाळा तालुका.

---

खानापूर_विटा

कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. पाहुणे पोलंडचे आहेत ना? मग औंधला घेऊन जा. संग्रहालय औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ ला बांधलं, राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, एका कोपऱ्यात हेन्री मूरचं छोटंसं शिल्प पण आहे, औंधला! पण मुद्दा तो नाही. १९३९ ला ह्या राजानं आपणहून सत्ता गावपंचायतींना देऊन टाकली, आणि त्या सगळ्या खटपटीत एक पोलिश माणूस होता, मॉरिस फ्रिडमन, वॉर्साचा इंजिनियर, गांधीजींच्या नादाला लागून इथं आलेला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून कैद्यांची मोकळी वसाहत आहे, भिंत नाही, कैदी बायकापोरांसकट राहून शेती करतात, ती कल्पना पण त्याचीच, तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती.

आणि मिरजेहून तासाभरावर कोल्हापूरजवळ वळिवडे. १९४३ ते ४८ तिथं पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते, बायका मुलंच जास्त, रशियातून सुटून आलेली. शाळा, चर्च, सगळं होतं. आता स्मारक आहे. पुतण्याला विचारा त्याच्या साहेबाला हे ठाऊक आहे का.

---

शाहूपुरीकर

मंडळी, पाहुणे गेले. हिशोब देतो.

तेवीसपैकी सहा जागा झाल्या. प्रतापगड राहिला, सातारी गड्या माफ कर, सकाळी धुकं होतं आणि घाटात ट्रक आडवा झाला होता, दोन तास थांबून मागं फिरलो आणि येताना गुऱ्हाळावर थांबलो. साहेबानं काहिलीजवळ उभं राहून तीन ग्लास रस प्यायला आणि गुळव्याला मळी कधी काढतात ते विचारत बसला, मी मधे दुभाष्या, मळीला इंग्रजीत काय म्हणतात कुणास ठाऊक, डर्ट म्हटलं.

मेणवलीला मावशीनं सांगितलं तसं गप्प बसलो. बाईनं घंटा बघितली, आमच्याकडे बघितलं, परत घंटा बघितली, मग नवऱ्याला हाक मारली आणि दोघं पोलिशमधे काहीतरी बराच वेळ बोलत होते. मी वसईचं सांगितलं तेव्हा साहेब म्हणाला आमच्याकडच्या घंटा पण लढायांत अशाच पळवल्यात लोकांनी, फक्त आमच्या वितळवून टाकल्या.

मिरजेला तीन तास एका कारखान्यात बसलो, जवारी बघितली. मला वाटलं कंटाळतील. मीच कंटाळलो, ते नाही. तारांचा संच घेतला, वाजवायला घरात काही नाही तरी घेतला. वळिवड्याचं नाव काढल्यावर मात्र साहेब एकदम गप्प झाला, त्याला ठाऊक होतं, त्याच्या आईच्या ओळखीतली एक बाई लहानपणी तिथं होती म्हणे. ते कोल्हापूरला आहे, म्हणजे एवढ्या जवळ आहे, हे ठाऊक नव्हतं. मग औंध रद्द केलं आणि वळिवड्याला गेलो. तिथं मी काहीच सांगितलं नाही, तेच मला सांगत होते.

माहुलीचं सांगायचं राहिलं. गुरुवारी सकाळी गेलो तर एक दशक्रिया चालू होती. कॅमेरे गाडीतच ठेवले होते. बाईनं विचारलं हे सगळे कशाची वाट बघतायत, मी म्हटलं कावळ्याची. मोडक्या इंग्रजीत सांगितलं की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, मग घरचे कबूल करतात, पोरीचं लग्न करू, घर पुरं करू. साहेब म्हणाला आपण निघायचं का, बाई म्हणाली नाही. चाळीस मिनिटं आम्ही लांब पायरीवर बसून होतो, कावळे झाडावर होते, खाली येईनात. त्यातला थोरला मुलगा हात जोडून काहीतरी बोलला आणि एक कावळा उतरला. बाईनं एवढा मोठा श्वास सोडला की शेजारच्या आजीनं वळून बघितलं आणि हसली. मग परत येताना गाडीत त्यांनी सांगितलं की पोलंडमध्ये १ नोव्हेंबरला सगळे कबरींवर दिवे लावायला गावी जातात, रात्री अख्खी स्मशानं उजळलेली असतात. त्या दिवशी आगगाड्यांना गर्दी असते, आपल्या गणपतीसारखी.

गावाचं वय विचारलं नाही परत.

तिखटाचं म्हणाल तर साहेबानं खर्डा दोनदा मागून घेतला आणि रात्रभर ताक प्यायला. कांदी पेढे चार किलो नेले. आज पुतण्याचा फोन, ऑफिसात पेढे वाटले आणि आता आणखी तिघं यायचं म्हणतायत, आषाढात, माउलींची पालखी बघायला. पालखी नीरेवरून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंद, मग चांदोबाचा लिंब, तरडगाव, एवढं मला ठाऊक आहे. रिंगण बघायचंय म्हणतात. पण राहायची सोय कुठं करायची? लॉजचं काही खरं नाही त्या दिवसांत.

---

तरडगावची_सून

काका आमच्याकडं या. चांदोबाच्या लिंबापासनं फार लांब नाही. पण चार दिवस आधी कळवा, अंगणात आणि पडवीत दिंडीची माणसं असतात, आत्याबाईंचं सगळं ठरलेलं असतं कुठं कोण झोपणार ते. साहेबांना गच्चीवर टाकावं लागेल आणि पाऊस आला तर जिन्यात. आणि येताना पेढे आणाच.